चिंचोक्याच्या चार फाका

अकरावीच्या, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या, वर्गात आम्ही चौतीस जण होतो. त्यांत मुली चार. शाळा पाथर्डीकडच्या कोरड्या पट्ट्यात. दसरा झाला की निम्मं गाव गाड्या जुंपून प्रवरेच्या नाही तर श्रीगोंद्याच्या बाजूला ऊसतोडीला जायचं आणि कारखान्याचा हंगाम संपल्यावर परतायचं. हंगाम संपला, याला सगळे ‘पट्टा पडला’ म्हणत. पट्टा कधी मार्चमध्ये पडे, कधी एप्रिलमध्ये. साल बहात्तर होतं. त्या वर्षी तो कधी पडेल याचा अंदाज कुणालाच नव्हता.

गावचं पोस्ट आमच्या ओसरीवर होतं. वडील ते सांभाळत, म्हणून आम्ही ऊसतोडीला जात नसू. माझ्या बाकावर जी बसायची ती मात्र तोडणीवाल्याची मुलगी. नववीपर्यंत ती आजीजवळ मागे राहिली होती. दहावीत आजी गेली, तेव्हा चुलतीकडे राहिली. वर्गात गणितात तिच्या पुढे कुणी नव्हतं.

गणिताचे सर त्या उन्हाळ्यात पुण्याला प्रशिक्षणाला जाऊन आले आणि येताना सायक्लोस्टाईल केलेली एक पुस्तिका घेऊन आले. तिच्यातला शेवटचा धडा आमच्या परीक्षेला नव्हता. तरी शनिवारी सकाळच्या शाळेचा शेवटचा तास त्यांनी त्याला दिला. पहिल्या शनिवारी त्यांनी फळ्यावर ‘यादृच्छिक चल’ असं लिहिलं.

मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, हे संस्कृतचं का गणिताचं?”

“गणिताचं. पण आधी तो शब्द पुसू.” त्यांनी खरंच पुसला. “चल्लस कोण कोण खेळतं?”

मुलं हसायला लागली. “पोरींचा खेळ हाय, सर.”

“मग पोरी सांगतील.”

माझ्या शेजारची उभी राहिली. चिंचोका उभा फोडला की त्याच्या दोन फाका होतात, आतून पांढऱ्या आणि बाहेरून तपकिरी. अशा चार फाका ओंजळीत घोळवून जमिनीवर टाकायच्या. जितक्या पांढऱ्या वर, तितकी घरं सोंगटी पुढे. चारही पांढऱ्या पडल्या तर चल्लस, म्हणजे चार. चारही काळ्या पडल्या तर आठ. तपकिरी बाजूला सगळे काळीच म्हणत.

“थांब,” सर म्हणाले. “चारही काळ्या पडल्या. पांढरी एकही नाही. मग आठ कुठून आले? तिथं आठ दिसतात का कुठं?”

“तसंच असतं, सर.”

“कुणी ठरवलं?”

“ते खेळायच्या आधी ठरतं, सर. पडल्यावर ठरवाय बसलं तर झिंज्या धरतील.”

वर्ग हसला. सर हसले नाहीत. ते म्हणाले, “हिने आत्ता जे सांगितलं, तेच या धड्याचं पहिलं पान आहे. फाका कशा पडतील, ते आपल्या हातात नाही. पण कशाही पडल्या तरी आकडा कोणता घ्यायचा, तो नियम आपला. तो आधी ठरलेला. त्या आकड्याला आपण क्ष म्हणू.”

“क्षची किंमत किती, सर?” हा प्रश्न आम्ही तीन वर्षं सवयीने विचारत आलो होतो.

“फाका अजून हातात आहेत. आत्तापर्यंतचा क्ष शोधून काढायचा होता. या क्षची वाट बघायची. तो एक, दोन, तीन, चार नाही तर आठ असेल. सहा कधीच नसेल. एवढं आज सांगता येतं. आणि यातला कोणता किती वेळा येईल, त्याचाही हिशेब मांडता येतो.”

तो तिने मांडला. चार फाकांच्या पडण्याच्या सोळा तऱ्हा तिने फळ्यावर एकाखाली एक लिहिल्या. आठ एकदा, एक चारदा, दोन सहादा, तीन चारदा, चल्लस एकदा. खडूने भरलेला हात तिने परकराला पुसला आणि येऊन बसली.

“प्रत्येक फाक पांढरी किंवा काळी पडण्याची शक्यता सारखी असेल, तर,” सर म्हणाले. त्या ‘तर’कडे कुणी लक्ष दिलं नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर प्रत्येकाने एकशे साठ डाव टाकून त्यांची नोंद आणायची, असं त्यांनी सांगितलं. मग सोळा तऱ्हांशी ताडून बघू.

फाका आम्ही दोघींनी तिच्या घरी तयार केल्या. चार मोठे चिंचोके निवडले, तव्यावर जरा शेकले आणि वरवंट्याने हलकेच ठोकून फोडले. तिच्या आईचे दिवस भरत आले होते. ती भिंतीला टेकून बघत होती.

“मॅट्रिकच्या पोरी अन् चल्लस खेळाया लागल्या. आता एवढंच ऱ्हायलं हुतं.”

“अभ्यास हाय, आई.”

“व्हय व्हय. उद्या मास्तर गजगे खेळाया सांगंल.”

प्रत्येक चिंचोक्याची एक फाक तिने घेतली, एक मी. चार तिच्याकडे, चार माझ्याकडे. एका चिंचोक्याला जन्मापासूनच कडेला खोक होती. त्याचे दोन्ही भाग जवळ आणले की ती खोक नीट जुळायची.

भाद्रपदात तिची आई बाळंत झाली, आणि दसऱ्याच्या आधी तिचे वडील शाळेत आले. सर व्हरांड्यात भेटले. आम्ही आत बाकावर होतो. दोघींनाही शब्दन् शब्द ऐकू येत होता.

“मास्तर, पोरीला न्यावं लागतंय. एकट्या माणसाला मुकादम टोळीत घेत न्हाई. म्या तोडायचं अन् बायकोनं मोळ्या बांधायच्या, तवा एक कोयता हुतो. तिची आय तर बाळंतीण हाय.”

“मॅट्रिकचं वर्ष आहे हो.”

“ठावं हाय ना. म्या काय वैरी हाय का तिचा? औंदा रानात कुसळ न्हाई उगवलं.”

सरांनी विचारलं, “पट्टा कधी पडेल?”

“ते कारखान्याला बी ठावं न्हाई.”

बाकावर ती पुस्तकाच्या कोपऱ्याशी चाळा करत होती. रडली वगैरे नाही. एवढंच म्हणाली, “माझ्या फाका मी नेते.”

अडचण फॉर्मची होती. बोर्डाचे फॉर्म नोव्हेंबरअखेर जायचे आणि ‘विद्यार्थी नियमित अभ्यास करतो’ या ओळीखाली हेडसरांची सही लागायची. हेडसर कडक होते, पण दुष्ट नव्हते. ते सरांना म्हणाले, “मुलगी हुशार आहे, मला माहीत आहे. पण नसलेल्या गोष्टीखाली मी सही करणार नाही. तिथं ती अभ्यास करते हे मला कळणार कसं?”

“कार्डं येतील,” सर म्हणाले.

त्यांनी तिला सहा पोस्टकार्डं दिली. सहाही कार्डांवर शाळेचा पत्ता स्वतः लिहिला होता. टोळी निघाली त्या सकाळी गाडीत भांडी, सरपण, बाळाची झोळी आणि वर तिचं दप्तर होतं. तिने हात हलवला नाही. दोन्ही हातांनी बाळ धरलं होतं.

पहिलं कार्ड दिवाळीत आलं, प्रवरेकाठच्या कोल्हारचा शिक्का घेऊन. मुंगीएवढ्या अक्षरांत भूमितीची दोन प्रमेयं आणि खाली बीजगणिताची चार उदाहरणं. सरांनी ती तपासली. एक चूक निघाली. हेडसरांनी मान डोलावली. दुसऱ्या कार्डावर चल्लसची नोंद होती. कार्डं आधी आमच्या ओसरीवर येत, म्हणून ती मीच आधी वाचली. त्यातले आकडे मी माझ्या वहीत उतरवून घेतले होते. वही अजून आहे.

एकशे साठ डावांत आठ पाच वेळा. एक तेवीस वेळा. दोन सत्तावन्न, तीन त्रेपन्न, चल्लस बावीस. खाली लिहिलं होतं: “पाचटाच्या कोपीसमोर पोत्यावर टाकल्या. रोज मोळ्या झाल्यावर वीस डाव. सहा दिवसांनी एक फाक बैलाच्या पायाखाली आली. दुसरी घेतली, पण ती पहिलीसारखी नाही, म्हणून पुढचे डाव मोजले नाहीत. ती फाक चिकटवली, कड जरा गेली आहे, पण तशीच पडते. मग राहिलेले चाळीस टाकले.”

मी ते दोनदा वाचलं. सोळा तऱ्हांच्या हिशेबाने आठ दहा वेळा यायला हवे होते आणि चल्लसही दहाच वेळा. तिचे बावीस होते. वर्गाच्या नोंदी त्याआधीच भिंतीवरच्या तक्त्यावर लागल्या होत्या. सगळ्यांच्या नोंदी चाळीसच्या, साठच्या, दहाच्या आसपास होत्या. माझी होती अकरा, एकोणचाळीस, एकसष्ट, अडतीस, अकरा. एका मुलाने तर बरोब्बर दहा, चाळीस, साठ, चाळीस, दहा आणले होते आणि तो मिशीत हसत हिंडत होता.

मी किती डाव टाकले होते, ते मला माहीत होतं. वीस. मग दिवाळीचा फराळ, पाहुणे, आणि बाकीचे आकडे मी पुस्तिकेवरून बेतून घातले. खरे दिसावेत म्हणून एक-दोनने कमी-जास्त केले.

कार्ड मी सरांच्या हातात दिलं. सरांनी ते वाचलं, तक्त्याकडे बघितलं, पुन्हा कार्डाकडे बघितलं. मधल्या सुट्टीत त्यांनी मला बोलावलं, “चल माझ्याबरोबर.” आम्ही हेडसरांच्या खोलीत गेलो.

हेडसरांनी तक्ता आणवला आणि कार्ड शेजारी धरलं. फॉर्म टेबलावरच होते.

“तेहतीस जणांचं एक येतं आणि हिचं एकटीचं वेगळं,” ते म्हणाले. “दिवसभर मोळ्या बांधून पोरगी दमत असणार, मी तिला दोष देत नाही. पण हे बसल्याजागी लिहिलेलं आहे. आणि हे असं असेल तर प्रमेयंही कुणाकडून लिहून घेतली नसतील कशावरून?”

“सर, सोळा तऱ्हा फळ्यावर तिनेच लिहिल्या,” गणिताचे सर म्हणाले. “उत्तर काय यायला पाहिजे, ते तिला आपल्या सगळ्यांच्या आधी माहीत आहे. खोटंच लिहायचं तर तिने ते लिहिलं असतं. उत्तराच्या उलट कोण कशाला खोटं लिहील?”

“मग तेहतीस जण खोटे?”

दारात उभा राहिलेला शिपाई माझ्याकडे बघत होता. फाका माझ्या दप्तरात, कंपासपेटीत होत्या. मी त्या काढून टेबलावर ठेवल्या.

“ह्या कुणाच्या?” हेडसरांनी विचारलं.

“माझ्या. म्हणजे तिच्याच चिंचोक्यांच्या. एकेक तिने नेली, एकेक मी.” आणि मग मी तेही सांगितलं. “सर, मी एकशे साठ टाकले नाहीत. वीसच टाकले. बाकीचे पुस्तिकेवरून लिहिले.”

मार बसेल असं वाटलं होतं. गणिताचे सर माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, “तूच टाक, सर बघतील.”

“हिने नको,” हेडसर म्हणाले. “मी टाकतो.” त्यांनी टेबलावरचे कागद बाजूला सारले, बाह्या वर केल्या आणि फाका ओंजळीत घोळवल्या. तो घोळवण्याचा आवाज ऐकून शिपाई आत आला.

“हात जरा वर धरा, सर,” तो म्हणाला. “असं ठेवल्यागत टाकलं तर पोरी डाव बाद करत्यात.”

“तुला काय रे माहीत?”

“चार बहिनीत वाढलो ना, सर.”

हेडसरांनी टाकल्या. तीन पांढऱ्या. पुन्हा तीन. मग दोन. मग चारही पांढऱ्या, आणि शिपाई ओरडला, “चल्लस!” हेडसरांनी डोळे वटारले, पण पुढचा डाव जरा जोरात टाकला. गणिताचे सर रेघा ओढत होते. घंटा झाली, तास सुरू झाला, तरी कुणी उठलं नाही. चाळीस डाव झाले. आठ एकदा आले, चल्लस पाच वेळा. तीन आणि दोन जवळजवळ सारखे, एक त्यांच्या निम्म्याने. सरांनी प्रत्येक आकड्याची चौपट केली आणि कागद कार्डाशेजारी ठेवला.

हेडसर बराच वेळ दोन्हीकडे बघत राहिले. मग त्यांनी एक फाक उचलून उजेडात धरली. काळ्या बाजूला ती चांगली फुगीर आणि गोल होती.

“ही पाठीवरच पडणार,” ते स्वतःशी म्हणाल्यासारखे म्हणाले. “हे सोळा तऱ्हांत कुठं आहे?”

“नाही, सर. सोळा तऱ्हा मोजता येतात. फाक कशी आहे, ते टाकूनच कळतं. तिने टाकलं.”

हेडसरांनी फॉर्म ओढला आणि त्या ओळीखाली सही केली. शाई टिपकागदाने टिपली. मग पेन बंद न करता म्हणाले, “आता माझीही एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, नंतर भांडण नको. फॉर्म गेला. पण प्रिलिम दिल्याशिवाय हॉलतिकीट मी कुणाला देत नाही, तिलाही नाही. पहिल्या पेपरच्या घंटेला ती बाकावर पाहिजे.”

प्रिलिम जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात होती. पट्टा मार्चआधी पडल्याचं आमच्या गावात कुणाच्या आठवणीत नव्हतं.

त्या दिवशी वर्गात सर कुणावर रागावले नाहीत. भिंतीवरचा तक्ता काढला, उलटा करून कोऱ्या बाजूने पुन्हा लावला आणि म्हणाले, “आता खरे आणा.” मिशीत हसणाऱ्या मुलाने चार दिवसांनी आणले, ते सगळ्यांत वेडेवाकडे होते. मी त्याच संध्याकाळी आमच्या ओसरीवर, वडील टपाल बांधत असताना, एकशे साठ डाव टाकले. मग हेडसरांची अट आणि माझी ती नोंद एका कार्डावर लिहून कोल्हारच्या पत्त्यावर पाठवली. माझी आधीची नोंद काय होती, ते लिहिलं नाही.

तिची आणखी तीन कार्डं आली. डिसेंबरच्या कार्डात उदाहरणांखाली एक ओळ होती: “इथं ऊस अंगठ्याएवढा आहे, शेंड्याच्या वाढ्यांना हिरवेपणा नाही, बैल तोंड लावत नाहीत.” जानेवारीच्या पहिल्या कार्डात: “मुकादम म्हणतो, फड संपत आले. बाबा म्हणतात, इतक्यात संपले तर खायचं काय.” त्याच्या खाली पूर्ण सोडवलेलं त्रिकोणमितीचं उदाहरण.

मी पुढे बरीच वर्षं बातम्या लिहिल्या. त्या दुष्काळाच्याही, मागाहून, आकड्यांसकट. हंगाम लवकर आटोपला आणि टोळ्या रिकाम्या हातांनी परतल्या, हे वाक्य मी लिहिलेलं आहे. त्या जानेवारीत मात्र मी रोज ओसरीवर बसून, पट्टा पडावा अशी वाट बघत होते, आणि पडला तर किती घरांत काय होईल हे मला कळत होतं. ही गोष्ट मी कधी कुणाला सांगितली नव्हती.

प्रिलिमच्या सकाळी पहिली घंटा व्हायला काही मिनिटं होती. व्हरांड्यात गणिताचे सर उभे होते. ते फाटकाकडे बघत नव्हते. खडूचा तुकडा या हातातून त्या हातात करत होते. हेडसर हजेरीचा कागद घेऊन दाराशी आले. मग फाटकातून एक बैलगाडी सरळ शाळेच्या आवारात घुसली. शिपाई “ए, गाडी बाहेर, गाडी बाहेर” करत धावला. झोळीतलं बाळ रडत होतं. तिच्या वडिलांनी कासरा ओढला आणि ती चालत्या गाडीतूनच उतरली. घरी जायच्या आधी ते शाळेतच आले होते.

“पट्टा पडला, मास्तर,” वडील गाडीवरूनच म्हणाले. चेहऱ्यावर रात्रभरच्या प्रवासाची धूळ होती. “दोन दिस झाले. उद्यापून मी दुष्काळाच्या खडीच्या कामावर जातो. हिला बसवून घ्या.”

सरांनी फक्त मान हलवली.

ती माझ्या शेजारी येऊन बसली. हात काळपट झाले होते, बोटांवर वाढ्यांनी कापल्याच्या बारीक रेघा होत्या. दप्तरातून तिने चिंधीची पुरचुंडी काढली आणि बाकावर सोडली. चार फाका. एकीची कड गेलेली, डिंकाने सांधलेली. मी माझ्या काढल्या. खोक असलेली फाक तिने माझ्या फाकेला लावली, जुळली.

“तुझी नोंद वाचली,” ती म्हणाली. “माझ्याशी जुळते. पण कार्ड उशिरा आलं. दिवाळीनंतर लगेच का नाही पाठवलंस?”

“तेव्हा टाकले नव्हते.”

“मग वर्गात काय दिलंस?”

“पुस्तिकेतलं.”

तिने माझ्याकडे बघितलं, आणि मला वाटलं की आता ही बोलणार नाही. तिने माझ्या दंडाला चिमटा काढला, चांगला दुखेल असा. “गाढवे,” ती म्हणाली. “मी तिथं पोत्यावर बसून म्हणत हुते, तिकडं तू पण टाकत असशील.”

घंटा झाली. तिने आठही फाका एकाच चिंधीत बांधल्या, पुरचुंडी आमच्या दोघींच्या मधे ठेवली आणि पेनाचं टोपण काढलं. हेडसर बाकांच्या रांगांतून मोजत आले. आमच्यापाशी थांबले, पुरचुंडीकडे बघितलं. कागदावर तिच्या नावापुढे खूण केली आणि पुढच्या बाकाकडे गेले.